एमएलएमचं (साखळी मार्केटिंगचं) पेआउट स्ट्रक्चर खरंच फेअर असतं का? (बायनरी प्लॅनचं गणित कोणीतरी नीट समजवा)

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या वहिनीने दिवाळीनंतर एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत जॉइनिंग घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथे त्यांचेच लीडर येऊन शंभर कमेंट टाकतील. हर्बल पावडर, टूथपेस्ट, शेतीची कसली कसली लिक्विडं असा माल आहे. जॉइनिंग फुकट म्हणाले, पण आयडी ॲक्टिव्ह करायला सहा हजाराचा माल उचलावा लागला. प्लॅन बायनरी. म्हणजे आपल्याखाली एक लेफ्ट लेग आणि एक राइट लेग, आणि ज्या लेगला बीव्ही (मालाच्या खरेदीवर मिळणारे पॉइंट) कमी तेवढ्याचंच मॅचिंग धरून त्यावर दहा टक्के. आयडी चालू ठेवायला दर महिन्याला स्वतःच्या नावावर १,००० बीव्हीची खरेदी पाहिजे, ती साधारण बावीसशे रुपयांना पडते.

परवा वहिनीने मोबाईलवर स्टेटमेंट दाखवलं. लेफ्टला १४,००० बीव्ही, राइटला १,५००. मिळाले १५० रुपये, त्यातून ॲडमिन चार्ज वगैरे कापून खात्यात एकशे तीस-बत्तीस. तरी ती खूश, कारण अपलाइन (ज्यांच्याखाली ती जोडलीय ते) सर म्हणाले "लेफ्ट आपोआप भरतेय, तुम्ही फक्त राइट बांधा".

ते सर रविवारी घरी आले तेव्हा मी विचारलं, की राबणार खालचे आणि मलई वरच्यांना, हे कसं काय. तर म्हणाले नोकरीत काय वेगळं आहे, वर एक एमडी, खाली हजार कामगार, तोही पिरॅमिडच की. आणि दुकानातला माल घेता तेव्हा मधले चाळीस टक्के खातात ते चालतं, इथे तेच पैसे घरच्या बाईला मिळाले तर पोटात का दुखतं. मला खरंच उत्तर सुचलं नाही राव.

कंपनी पळून गेली, फसवलं, असं काही झालेलं नाही. माल मिळतो, प्लॅनमधे लिहिलंय तसं पेमेंट येतं. तरीपण ही पैसे वाटायची पद्धत न्याय्य म्हणायची का, एवढंच विचारायचंय.

काकडआरती:
एकाने पाच जोडायचे, त्या पाचांनी पाच पाच. अकराव्या पायरीला ४ कोटी ८८ लाख माणसं लागतात, बाराव्या पायरीला महाराष्ट्र संपतो, तेराव्याला भारत. सरांना विचारा तुमची पायरी कितवी.

खतावणी:
काकडआरती, ते गणित सगळ्यांना पाठ आहे आणि सेमिनारमधे त्याचं उत्तरही तयार असतं ("सगळेच जॉइन होत नसतात, काळजी करू नका"). वारणाकाठने जे आकडे दिलेत ते जास्त बोलके आहेत, त्यावरच बोलू.

मी अकाउंट्सचं काम करतो, अशी स्टेटमेंटं घेऊन रिटर्न भरायला बरेच लोक येतात. आधी ते लेफ्ट "आपोआप भरणं" काय असतं ते सांगतो. समजा सरांनी वहिनींना आपल्या लेफ्टला बसवलं. आता सरांना किंवा सरांच्याही वरच्याला लेफ्टला नवा माणूस मिळाला की तो सगळ्यात टोकाला, वहिनींच्याही लेफ्टच्या खाली जातो. त्यामुळे त्या टोकाच्या ओळीतल्या प्रत्येकाला आपली लेफ्ट भरताना दिसते आणि प्रत्येकाला वाटतं अपलाइनने फुकटात मदत केली. पण ती लेग सगळ्यांची सामाईक आहे. पैसे मिळतात ते राइटवर, आणि राइट प्रत्येकाने आपल्या आपल्या नातेवाईकांतून बांधायची. म्हणजे मदत दिसते १४,००० ची आणि कमाई निघते १,५०० वर.

आता ते १४,००० बीव्ही कंपनीच्या बाजूने बघा. एवढा माल विकला गेलाय, साधारण तीस हजार रुपये कंपनीकडे जमा झालेत. वहिनींच्या खात्यात त्यातल्या १,५०० चीच जोडी लागली, उरलेले १२,५०० कॅरी फॉरवर्ड, म्हणजे पुढे ओढलेले. पुढच्या महिन्यात वहिनींनी बावीसशेची खरेदी केली नाही तर बहुतेक प्लॅनमधे आयडी इनॲक्टिव्ह होते आणि कॅरी फॉरवर्ड फ्लश, म्हणजे शून्य. प्लॅनच्या पीडीएफमधे शेवटच्या पानावर बघा, बारीक अक्षरात असेल. शिवाय डेली किंवा वीकली कॅपिंग (कमाईवरची मर्यादा) असतं ते वेगळंच. "कंपनी साठ टक्के वाटते" असं स्टेजवरून सांगतात तेव्हा फ्लश आणि कॅपिंगमधे किती गेलं ते कोणी सांगत नाही.

आणि समजा सगळं आदर्श चाललं, कोणाची लेग तिरकी नाही, झाड अगदी भरगच्च. दहा लेव्हलचं झाड घ्या, १,०२३ माणसं. सगळ्यात खालच्या ओळीत ५१२, त्यांच्याखाली कोणी नाही, मॅचिंग शून्य. त्यांच्या वरच्या ओळीत २५६, त्यांना डावीकडे एक उजवीकडे एक. म्हणजे १,०२३ पैकी ७६८ जणांना एक तर काही नाही नाहीतर एकच जोडी. हे कोणी आळशी आहे म्हणून होत नाही, झाडाचा आकारच तसा आहे. झाड वाढलं की हे ७६८ वर सरकतात पण त्यांच्याखाली नवे त्याहून जास्त येतात, प्रमाण तेच राहतं. सेमिनारमधे "मेहनत केली नाही म्हणून कमावलं नाही" म्हणतात त्यातली गोम ही आहे.

एमडीवाल्या युक्तिवादाचं म्हणाल तर कंपनीतल्या शेवटच्या शिपायाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्याने दोन शिपाई आणून दिले नाहीत तरी मिळतो, आणि पगार चालू राहावा म्हणून त्याला दर महिन्याला कंपनीच्या दुकानातून बावीसशेचा माल घ्यावा लागत नाही. एमडी जास्त खातो ही तक्रार करायला जागा आहेच, पण तो शिपायाच्या खिशातून खात नाही, कंपनीने बाहेर विकलेल्या मालातून खातो.

माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. वाटायचा पैसा कुठून आला? वहिनींच्या दोन्ही लेगचा मिळून १५,५०० बीव्हीचा माल कोणी घेतला ते विचारा. त्यात आयडी नसलेला, प्लॅनशी देणंघेणं नसलेला साधा गिऱ्हाईक किती? मी पैज लावतो की जवळजवळ सगळं आयडीवाल्यांनीच आयडी चालू ठेवायला घेतलंय. मग सभासदांचेच पैसे सभासदांत फिरतायत, आणि मधे कंपनीने आपला वाटा आधी काढून घेतलाय. शंभर रुपये टाकून चाळीस परत आले तर उरलेल्या साठ रुपयांची ती पावडर असली पाहिजे. प्लॅन नसता तर वहिनींनी ती पावडर त्या भावाला घेतली असती का, एवढं त्यांना प्रामाणिकपणे विचारा.

गोदाकाठची:
मी या लाइनमधे आहे, दुसऱ्या कंपनीत, त्यामुळे आधीच सांगते की माझं मत एका बाजूचं वाटेल. पण खतावणी दादांनी सगळ्यांना एकाच माळेत ओवलंय ते मला पटलं नाही.

आमचा प्लॅन बायनरी नाही, स्लॅबचा आहे. माझ्या ग्रुपचा सेल जसा वाढेल तसा माझा टक्का वाढतो, आणि माझ्याखालच्या मुलीचा स्लॅब नऊ टक्के आणि माझा पंधरा असेल तर तिच्या सेलवर मला मधले सहा मिळतात. ती पंधराला पोचली की माझा फरक शून्य. म्हणजे खालचा वरच्याच्या पुढे जाऊ शकतो आणि आमच्या ग्रुपमधे गेलेतही. आणि माझी निम्म्याहून जास्त कमाई टीमची नाहीच आहे, एमआरपीवर वीस टक्के मार्जिन मिळतं त्याची आहे. कॉलेज रोडच्या सोसायट्यांमधे माझी ठरलेली घरं आहेत, भांड्याचं लिक्विड आणि फेसवॉश दर महिन्याला मी स्वतः पोचवते, त्यातल्या कोणालाही मी कधी "जॉइन व्हा" म्हटलेलं नाही.

मला दुकान टाकायला डिपॉझिट कोण देणार होतं? बँक? नवरा? सासूबाई? इथे स्कूटर आणि फोन एवढ्यावर सुरू झालं. नवीन मुलींना मी डेमो शिकवते, त्यांच्याबरोबर उन्हातान्हात फिरते, गिऱ्हाईक चिडलं तर मी निस्तरते. मग त्यांच्या सेलवर मला चार-सहा टक्के मिळाले तर त्यात अन्याय कसला? सेल्स मॅनेजरलाही टीमच्या टार्गेटवर इन्सेन्टिव्ह मिळतोच ना.

बायनरीबद्दल मात्र माझंही मत वाईटच आहे. तिथे माल हे निमित्त असतं.

खतावणी:
गोदाकाठची ताई, तुमची ठरलेली घरं आहेत ना, तीच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहेत. तुमच्या कमिशनचा पैसा बाहेरून येतोय आणि शिकवण्याची मेहनतही खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. एकच विचारतो, रागावू नका. महिन्याची तीस तारीख आली आणि स्लॅबला थोडे पॉइंट कमी पडले तर काय करता?

गोदाकाठची:
😅 बरोबर पकडलंत. स्वतःच्या नावावर उचलतो. सगळेच उचलतात. माझ्या दिवाणातही प्रोटीनचे डबे आहेत आणि त्यातले काही मी एक्सपायरी जवळ आल्यावर मार्जिन सोडून दिलेत. पण एका महिन्याचा स्लॅब गेला की सगळ्या ग्रुपवरचा फरक जातो ना, म्हणून चार हजाराचा माल घेऊन आठ हजार वाचवतो, हिशोब तसा असतो. नवीन मुलींना मी हे करू नका सांगते. ऐकत नाहीत.

एजन्सीवाला_कराड:
"दुकानातले मधले चाळीस टक्के खातात" यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. माझी बिस्किट-नमकीनची एजन्सी आहे. डिस्ट्रिब्युटरला पाच-सहा टक्के सुटले तरी देव पावला, त्यात टेम्पो, पोरांचा पगार, उधारी, उंदरांनी खाल्लेले बॉक्स. रिटेलरला थोडं जास्त. चाळीस टक्के असते तर मी हे टाईप करत बसलो नसतो.

पण खरा फरक टक्क्यांत नाही. मला कंपनीने एरिया दिलाय. माझ्या एरियात कंपनीने उद्या दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमला तर मी एएसएमच्या (कंपनीच्या एरिया सेल्स मॅनेजरच्या) केबिनमधे जाऊन भांडेन, आणि कंपनीही सहसा तसं करत नाही कारण दोघंही मरतात. एमएलएममधे उलटं. तुझं जे गिऱ्हाईक आहे त्यालाच तू डिस्ट्रिब्युटर कर म्हणतात, मग तो त्याच गल्लीत तुझ्याच शेजाऱ्यांना तोच माल विकायला निघतो. आमच्या गल्लीत एका हेल्थ ड्रिंकचे सात डिस्ट्रिब्युटर आहेत आणि पिणारे तेच सात. ज्या कंपनीला माल विकायचा असतो ती एका गल्लीत सात माणसं नेमणार नाही हो.

न्यूजर्सीकर:
इकडे अमेरिकेत हाच मुद्दा सरकारी पातळीवर गाजला, म्हणून लिहितो. १९७९ साली ॲमवे या डायरेक्ट सेलिंग कंपनीच्या केसमधे एफटीसीने (इकडच्या सरकारी व्यापार आयोगाने) कंपनीला बेकायदा पिरॅमिड ठरवलं नाही, त्यामागे कंपनीच्या तीन नियमांचा मोठा वाटा होता. आधी घेतलेल्या मालातला सत्तर टक्के महिन्यात विकलेला पाहिजे, दहा वेगवेगळ्या रिटेल गिऱ्हाइकांना विक्री झाली पाहिजे, आणि सोडून जाणाऱ्याचा विकण्यालायक माल परत घेतला पाहिजे. पुढे अनेक कंपन्यांनी हे नियम आपल्या पुस्तकात छापले. पाळतात किती ते वेगळं.

मग २०१६ ला हर्बालाइफ या अशाच कंपनीचं एफटीसीशी सेटलमेंट झालं. २० कोटी डॉलर भरावे लागले आणि पुढच्या वर्षी जवळपास साडेतीन लाख लोकांना त्यातून चेक गेले. पण पैशापेक्षा अटी बघण्यासारख्या आहेत. डिस्ट्रिब्युटरला मिळणाऱ्या बक्षिसातला किमान दोन तृतीयांश भाग खऱ्या, पावतीनिशी तपासलेल्या रिटेल विक्रीवर असला पाहिजे, आणि डाऊनलाइनच्या (खाली जोडलेल्यांच्या) स्वतःच्या वापराच्या खरेदीवर जास्तीत जास्त एक तृतीयांश. नुसता सवलतीत माल घ्यायला जॉइन झालेल्यांना धंदा करणाऱ्यांपासून वेगळं काढायला लावलं. खतावणी म्हणतायत तीच कसोटी, फक्त तिकडे ती आकड्यात बांधून कंपनीच्या गळ्यात घातली.

इकडच्या आपल्या लोकांतही हे फार आहे बरं का. मंडळाच्या गणपतीला नवीन आलेलं एच-वन-बीवालं जोडपं दिसलं की एक काका "वीकेंडला चहाला या" म्हणतात, आणि चहा संपायच्या आत व्हाइटबोर्ड निघतो.

साधा_वकील:
वारणाकाठ यांनी कायदा विचारलेला नाही तरी थोडं सांगतो कारण "फेअर" कशाला म्हणायचं याचा एक आधार तिथे मिळतो.

आपल्याकडे १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे. नवीन सभासद भरती होण्यावर ज्याचे पैसे अवलंबून अशी योजना चालवणं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आंध्र प्रदेश हायकोर्टाने २००७ साली ॲमवेच्या प्रकरणात याच कायद्याच्या आधारे कंपनीच्या विरोधात मत दिलं होतं. पुढे एप्रिल २०२२ ला ईडीने त्याच कंपनीची ७५७ कोटींची मालमत्ता जप्त केली. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे २००२-०३ ते २०२१-२२ या काळात कंपनीने २७,५६२ कोटी गोळा केले आणि २०२०-२१ पर्यंत ७,५८८ कोटी कमिशन म्हणून वाटले, आणि मालाच्या किमती बाजारातल्या तशाच मालापेक्षा अवाच्या सवा होत्या. कंपनीचं म्हणणं की प्रकरण जुनं आहे, आम्ही तपासाला सहकार्य करतोय. हे आरोप आहेत हे लक्षात ठेवा.

डायरेक्ट सेलिंग मात्र बेकायदा नाही. २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशन बंद, एन्ट्री फी घ्यायची नाही, तक्रार अधिकारी आणि नोडल ऑफिसर नेमायचा, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. आता एन्ट्री फी बंद झाली म्हणून "जॉइनिंग फुकट, फक्त सहा हजाराचा माल घ्या" सुरू झालं, ते वहिनींच्या बाबतीत दिसतंयच. नाव बदललं, खिसा तोच.

अजून एक, फार लोकांना माहीत नसतं. विम्यात एमएलएमला सरळ बंदी आहे, २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात ४२अ कलम घातलं. त्यामुळे "एलआयसी एजंटचं पण असंच असतं" कोणी म्हणालं तर नाही असत. एजंटला त्याने विकलेल्या पॉलिसीवर कमिशन मिळतं, त्याने आणलेल्या एजंटाने आणलेल्या एजंटाच्या पॉलिसीवर नाही.

वैनीसाहेब:
सगळे हिशोबाचं बोलताय म्हणून एक वेगळं. आमच्याकडे संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं, वाण म्हणून टूथपेस्टचं सॅम्पल, आणि तिळगूळ हातात पडायच्या आत टीव्हीवर प्लॅनचा व्हिडिओ सुरू. उठून जाता येईना, शेजारीण आहे. माल चांगला वाईट सोडा, "नाही" म्हणायची किंमत नात्यात मोजावी लागते, आणि ती कुठल्या स्टेटमेंटमधे येत नाही. भिशीत दोघींचं बोलणं बंद आहे यावरून.

वारणाकाठ:
सगळ्यांचे आभार, खूपच कामाला आलं. काल रात्री वहिनीबरोबर बसलो. खतावणींनी सांगितलं तसं पीडीएफचं शेवटचं पान उघडलं, आणि आहे हो ते, सलग दोन महिने इनॲक्टिव्ह राहिलं की कॅरी फॉरवर्ड शून्य. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. बाहेरचं गिऱ्हाईक किती विचारलं तर आठवून आठवून एक शाळेतली मावशी निघाली, तिने एकदा टूथपेस्ट घेतली होती.

नवीन खरेदी बंद करायची ठरलंय. सील न फोडलेले डबे परत घ्या असा मेल नोडल ऑफिसरला टाकलाय, अजून उत्तर नाही. सरांना कळलं तसं त्यांनी तिला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं.

पण आता वेगळंच अडलंय. राइट लेगमधल्या तीन जणी हिने जॉइन केलेल्या. त्यातली एक आमची मामेबहीण, सहा हजार तिने भिशीचे उचलून भरले. वहिनी म्हणते माझ्या शब्दावर आल्या, मी त्यांचे पैसे द्यायचे का? दादा म्हणतो तुला स्वतःला कुठे मिळाले परत.

गोदाकाठची:
पैसे द्यायची लगेच घाई नको. आधी तिघींना बोलवा आणि वहिनींनी स्वतःचं स्टेटमेंट त्यांच्यापुढे ठेवावं, १५० रुपयांसकट. मग त्यांच्या डब्यांची सीलं बघा. ज्यांची जॉइनिंग अलीकडची आहे त्यांचा कूलिंग-ऑफ (करार रद्द करायची मुदत) अजून शिल्लक असेल, ॲग्रीमेंटमधे किती दिवस लिहिलेत ते बघून त्यांचे मेल आजच जाऊ देत, तुमच्या मेलच्या उत्तराची वाट बघू नका. मामेबहिणीचा माल उरला तर माझ्यासारख्या कोणाकडून गिऱ्हाईक बघून सुटा विकता येईल, थोडा तोटा होईल पण सहा हजार सगळे जाणार नाहीत.

साधा_वकील:
ताईंशी सहमत. मेलमधे "माल परत" एवढंच लिहू नका, "आयडी रद्द करून करार संपवत आहे" असं स्पष्ट लिहा, बिलांचे फोटो जोडा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार. चौघींनी वेगवेगळ्या करा.